कर्मचारी : अनुकूल

कोरियातल्या हार्योंग बंदरातल्या सोक आजीच्या अंगात कधी काही येत नसे. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुदांग होऊन गेल्या, म्हणजे गाऊन-नाचून समुद्राला आणि मेलेल्यांना राजी करणाऱ्या बाया. पण अंगात येणं हा सोलकडच्या मुदांगांचा प्रकार. या किनाऱ्यावरच्या बाया नगाऱ्याच्या ठेक्यावर पाय टाकत, बुडालेल्यांची नावं घेऊन ढसाढसा रडत आणि मग डोळे पुसून जेवायला बसत. "आमचं गळ्याचं काम, अंगाचं नाही," असं आजी हसत सांगे. म्हणूनच त्या दिवशी जे झालं त्याने सगळ्यांत जास्त हादरली ती आजीच.

दिवस मोसमाच्या पूजेचा होता. हिवाळा तोंडावर आला की हार्योंग मासळी कंपनी आपल्या कोल्ड स्टोरेजसमोर पूजा घाली. टेबलावर उकडलेलं डुकराचं मुंडकं, लाल चवळीचे थर दिलेल्या तांदळाच्या वड्या, माकगोल्ली या तांदळाच्या दारूचे वाडगे. दारावर पांढरा दोरा गुंडाळलेला सुका मासा टांगलेला. मासळीच्या कंपनीत मासळीनेच राखण करावी, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुढे काळ्या कोटांत संचालक, मागे गमबूट घातलेल्या मासळी चिरणाऱ्या बाया, आणि त्यांच्याही मागे वड्यांवर डोळा ठेवून असलेलं निम्मं गाव.

संचालकांच्या रांगेत प्यो इन-सुक उभी होती. कंपनी काढणाऱ्या म्हाताऱ्याची ती भाची. म्योंगते माशाची खरेदी तिच्याकडे असे. आता तो इथे मिळत नसल्याने रशियाहून गोठवून येई. तिच्या मनात सकाळची बैठक अजून घोळत होती.

कोल्ड स्टोरेजमध्ये गारवा ठेवणाऱ्या विषारी अमोनिया वायूचे नळ जुने झाले होते. हिवाळाभर स्टोरेज बंद ठेवून ते बदलावेत, असं इंजिनिअरचं म्हणणं. पण जपानच्या व्यापाऱ्याला म्योंगतेची खारवलेली गाबोळी, म्हणजे अंडी, नव्या वर्षाआधी हवी होती. चेअरमन कुक दे-शिक हा म्हाताऱ्याचा मुलगा, इन-सुकचा मामेभाऊ. त्याचं मत ठरलेलं होतं : नळ वसंतात बघू. तेवढ्यात सोलहून येणारे बाहेरचे संचालक, प्राध्यापक यॉम, चष्मा पुसत म्हणाले, "चेअरमनसाहेब, ज्याचा ज्याचा संबंध येतो त्या प्रत्येकाच्या हिताचा विचार झाल्याचं दिसलं पाहिजे. नुसते भागधारक पुरत नाहीत आता."

"झालाय की!" हिशेब बघणारा संचालक ताक लगबगीने म्हणाला आणि त्याने प्रोजेक्टरने भिंतीवर तक्ता दाखवला. भागधारक : अनुकूल. बँक : अनुकूल. ग्राहक : अनुकूल. गाव : अनुकूल. कर्मचारी : अनुकूल.

"कर्मचाऱ्यांना विचारलं कुणी?" इन-सुक म्हणाली.

"विचारायचंय काय त्यात, मॅडम? काम बंद ठेवा, मला घरी बसवा, असं कुठला कामगार म्हणेल?"

सगळे हसले. इन-सुकही हसली, आणि सगळ्यांबरोबर तिनेही हात वर केला.

आता सोक आजी गात गात संचालकांच्या रांगेपुढून चालली होती. एकेकाच्या डोक्यावरून कागदी फुलांची काठी फिरवायची, बरकतीचं गाणं म्हणायचं, पुढे सरकायचं. इन-सुकपाशी ती आली आणि गाणं मधेच तुटलं. नगारेवाला दोन ठोके पुढे गेला आणि थांबला. आजीचा चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला होता. तिच्या तोंडून दुसराच आवाज आला, शेवट ओढत बोलणारा, खास खालच्या आळीचा.

"दार लागलं गो. उघडत नाय. बाहेर कोण हाय काय? डोळे जळतात गो माझे... उघडा गो!"

 गमबूटवाल्या बायांमधली एक ओरडली, "अगं, ही तर आपली बोंग-रे!"

आणि खरंच, हाम बोंग-रे सोडून तसं कोण बोलतं? चिरायच्या टेबलावर ती सगळ्यांत जुनी. पण बोंग-रे जिवंत होती, तिथेच उभी होती, आणि तिच्या गालात वडी होती. तो घास कसाबसा गिळून ती म्हणाली, "मेले मी? कधी गो? मला कुणी सांगितलं कसं नाय?"

हशा असा उसळला की घाटावरचे कुरव पक्षी उडाले. चेअरमन कुक पोट धरून म्हणाला, "आजी, वय झालं तुझं! जिवंत माणसाचं भूत आणलंस!"

आजी हसली नाही.  पूजा तिने कशीबशी उरकली आणि निघताना दक्षिणेचं पाकीट टेबलावर तसंच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इन-सुक आजीच्या घरी गेली. आजी ओसरीवर पर्सिमनची फळं सोलून वाळवायला दोऱ्यात ओवत होती. पाहुणीकडे न बघताच म्हणाली, "मला काही आठवत नाही, बाई. लोकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. तोंडात मात्र कसलीशी तिखट चव आहे, ती काही जात नाही."

"आजी, काय होतं ते?"

"मेलेल्याचा आवाज असता तर मी त्याला भात घातला असता, रडले असते, वाटेला लावलं असतं. तेवढं मला येतं." आजीने सुरी खाली ठेवली. "हा मेलेल्याचा नव्हता. ज्याचा आवाज होता त्याचं अजून काही झालेलं नाही. अशाला मी काय घालू? आणि येऊन उभं कुठे राहिलं, तर तुझ्यापुढे. चेअरमनपुढे नाही. ते तू बघ."

इन-सुक तिथून थेट कंपनीत गेली. बोंग-रे टेबलावर होती. सुरीचं टोक माशाच्या पोटात घालून, पडदा न फाडता गाबोळीची जोडी अलगद बाहेर काढायला इन-सुकला तरुणपणी तिनेच शिकवलं होतं. मालकाची भाची असलीस म्हणून काय झालं, म्हणत चापट्याही दिल्या होत्या.

"ताई, जरा माझ्याबरोबर चल."

"काय गो मॅडम, अजून जिवंत हाय का बघायला आलीस?"

दोघी कोल्ड स्टोरेजमध्ये शिरल्या. इन-सुकने दार आतून लावून घेतलं आणि कडी ढकलली. दार सहज उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. बोंग-रे कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ताई, हे हिवाळाभर बंद ठेवलं, नळ बदलले, तर तुझं काय म्हणणं?"

"मला विचारतेस?" बोंग-रेला खरंच नवल वाटलं. "इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाय, म्हणून म्हटलं. बंद ठेवलंत तर आम्ही खायचं काय? आणि चालू ठेवलंत नि फुटलं काही, तर खायला उरणार कोण? दोन्ही वाईट. पण तुम्ही बंद ठेवणार असाल तर आधी सांगा, आणि आम्हाला वाऱ्यावर सोडू नका. एवढंच."

एवढंच. इन-सुकने ते मनात नीट ठेवलं. निदान तेव्हा तिला तसं वाटलं.

पुढच्या बैठकीत जादा पाळीचा विषय होता. ऊन खिडकीतून सरळ टेबलावर पडलं होतं. इन-सुक म्हणाली की त्याआधी नळांचा निर्णय पुन्हा घ्यावा. ताकने डोळे फिरवले. चेअरमन कुक खुर्चीत मागे रेलला.

"मॅडम, मुदांगच्या बडबडीवर कंपनी चालवायची का आपण? उद्या कावळा ओरडला म्हणून जहाज परत पाठवाल. आपण सगळ्यांच्या हिताचा विचार केला, प्राध्यापकसाहेब साक्षीला आहेत. आता माझं स्पष्ट मत असं आहे, की दार लागलं गो. उघडत नाय. बाहेर कोण हाय काय? उघडा गो! ...तेव्हा जादा पाळीला मंजुरी द्यावी आणि पुढच्या विषयाकडे वळावं."

आणि त्याने चहाचा घोट घेतला.

 ते शब्द त्याच्याच तोंडून आले होते, त्याच्या जाड ओठांमधून, बाईच्या आवाजात. आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.  इन-सुकने यॉमांकडे पाहिलं. प्राध्यापक खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांच्या हातातलं पेन टेबलावर टकटक वाजत होतं आणि ते त्यांना थांबवता येत नव्हतं. ताक कागद चाळत होता, उलटे धरलेले.

"ऐकलंत?" इन-सुक हळूच म्हणाली.

"काय?" ताक म्हणाला. फार लवकर म्हणाला.

"काय ऐकायचंय?" चेअरमन म्हणाला. "बोला की. झालंय काय तुम्हा सगळ्यांना?"

प्राध्यापक यॉमांनी घसा साफ केला. "मला वाटतं... ग्राहकांच्या दृष्टीने पाहिलं, तर मालाच्या सुरक्षिततेचा मुद्दा आपण पुरेसा तपासलेला नाही. नळ आत्ताच बदलावेत."

"विमा," ताक म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "विम्याच्या दृष्टीनेसुद्धा. आणि बँकेच्या. बँकेला हेच आवडेल."

ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हेच. भागधारकांच्या हिताचं, बँकेच्या हिताचं, कंपनीच्या नावाचं, सगळं बोलून झालं. जे ऐकलं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तीन हात वर झाले. चेअरमन कुक एकटा पडला. तो एकेकाचं तोंड बघत राहिला, आणि शेवटी इन-सुककडे वळून बैठकीची भाषा विसरून म्हणाला, "काय चेटूक केलंस गं यांच्यावर?"

"मी नाही केलं, दादा," ती म्हणाली.

उठायची घाई सगळ्यांनाच झाली होती. स्टोरेज बंद असेपर्यंत बायांना अर्धा पगार द्यायचं दोन वाक्यांत ठरलं. इन-सुकला बोंग-रेचं बोलणं आठवलं, पण त्या खोलीत आणखी बसायची तिचीही छाती नव्हती. आधी सांगायचं राहून गेलं. बायांना दुसऱ्या दिवशी फाटकावरची पाटी वाचूनच कळलं.

बोंग-रे तिला घाटावर भेटली तेव्हा हसली नाही. "विचारलंस म्हणून मला वाटलं, सांगशीलही," एवढंच म्हणाली. मग ती आणि आणखी काही जणी वरच्या अंगाच्या एका बंदरात कामाला गेल्या. तिथे मोठी फिशरी होती, हिवाळाभर माणसं लागत, राहायची सोयही होती.

इकडे नळ उतरवले गेले. मिस्त्रीने हातोडीने एकेक वाजवून बघितला, कापून आतून बघितला, आणि डोकं खाजवलं. नळ ठणठणीत होते. आणखी कितीतरी वर्षं चालले असते. जपानचा व्यापारी दुसरीकडे गेला होता. चेअरमन कुकने कापलेल्या नळाचा एक तुकडा उचलून इन-सुकच्या टेबलावर आणून ठेवला.

ती त्या तुकड्याकडे बघत बसली. आधी तिला लाज वाटली. मग पूजेतले शब्द आठवले. आवाज म्हणाला होता, दार लागलं. कुठलं दार, ते तो म्हणालाच नव्हता. इथलं असं तिने धरलं, सगळ्यांनीच धरलं. आणि त्या भीतीपोटी बोंग-रेला त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच दाराकडे पाठवून दिलं होतं.

तिने कोट चढवला आणि गाडी काढली. किनाऱ्याच्या रस्त्यावर बर्फ साचलेलं होतं. समुद्र शिशासारखा दिसत होता. बोंग-रे फोन उचलत नव्हती. ओल्या हातांनी कोण फोन उचलतं, अशी इन-सुक स्वतःची समजूत घालत राहिली.

वरच्या बंदरातल्या त्या फिशरीचं आवार फाटकापासून कोल्ड स्टोरेजपर्यंत मासळीच्या खोक्यांनी भरलेलं होतं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. इन-सुक फाटकातून आत शिरली आणि पाठीमागून आवाज आला.

"कोण हवं गो तुम्हाला?"

तोच आवाज. तोच ओढलेला शेवट. "ताई!" म्हणत इन-सुक वळली. समोर एक परकी पोरगी उभी होती, रबरी एप्रन घातलेली, गाल थंडीने लाल झालेले. इन-सुकचा चेहरा बघून ती बावरली.

मागून खरी बोंग-रे पुढे आली आणि तिने त्या पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "बघ गो, कशी फसली! ही न्हान. व्हिएतनामची. मी आले तेव्हा आपली भाषा मोडकीतोडकीच बोलायची. आता माझ्याच खोलीत राहते, माझीच बडबड दिवसभर ऐकते, मग दुसरं काय शिकणार? मॅनेजर म्हणतो, भिंतीआडून ऐकलं तर दोघींत फरक कळत नाय."

"ताईने शिकवलं," न्हान म्हणाली. "बरं बोलते ना गो मी?"

"छान बोलतेस," इन-सुक म्हणाली. तिचं लक्ष बोलण्यात नव्हतं. जिच्यासाठी ती धावत आली होती ती धडधाकट समोर उभी होती, आणि तिला इथून काढायचं एवढंच डोक्यात होतं. "ताई, सामान भर. आत्ता. पूर्ण पगार देईन, माझ्या पदरचा देईन. वाटेत हवं तेवढं बोल मला, पण चल."

बोंग-रेने तिच्याकडे निरखून पाहिलं. "त्या आजीच्या भुताला भिऊन आलीस काय गो?"

इन-सुकने होकारार्थी मान हलवली.

 बोंग-रेने हातमोजे काढले. "घरची आठवण मलाही येतेच. पण माझ्या जागेवर कोण? कोल्ड स्टोरेजमधली खोकी काढायची राहिलीयत."

"मी काढते ना," न्हान म्हणाली. "जा गो तू, ताई. मी हाय."

मॅनेजर थोडा कुरकुरला आणि मग त्याने सोडलं. गाडी सुरू झाली तेव्हा न्हानने खोक्यांच्या मागून हात हलवला. अर्ध्या वाटेवर बोंग-रे रडायला लागली. कशासाठी, ते तिलाही सांगता येईना. इन-सुकला मात्र किती तरी दिवसांनी हलकं वाटत होतं. तिने रेडिओ लावला.

बातमी दोन दिवसांनी आली. वरच्या बंदरातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया सुटला. आत एकच बाई होती. दार बर्फाने गोठून बसलं होतं, आतली कडी मोडलेली. बाहेरच्या लोकांनी तिचं ओरडणं ऐकलं, पण दार फोडेपर्यंत ओरडणं थांबलं होतं. एका माणसाने टीव्हीवर सांगितलं, की आम्हाला वाटलं कुणीतरी इथलीच म्हातारी बाई आहे आत. बोली आपल्याकडची होती.

इन-सुक टीव्हीसमोर उभीच राहिली. तो आवाज तिने पूजेत ऐकला होता, बैठकीत ऐकला होता, आणि फाटकात तर त्या आवाजाने समोरासमोर उभं राहून तिला विचारलं होतं, कोण हवं गो तुम्हाला? आणि तिने दुसऱ्याच बाईला हाक मारली होती.

चेअरमन कुकचा फोन आला. या वेळी त्याचा आवाज मऊ होता. "इन-सुक, तुझंच खरं निघालं गं. आपली माणसं वाचली. बोंग-रेला तू आणलंस, ही तुझी पुण्याई. प्राध्यापकसाहेबही तेच म्हणत होते, की आपण सगळ्यांचा विचार केला म्हणून—"

"दादा," ती म्हणाली, "नको." आणि तिने फोन ठेवला.

न्हानची मोठी बहीण विमानाने आली. इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिथे मेलेल्यांना निरोप देतात त्या दालनात, शेवंतीच्या फुलांमध्ये न्हानचा फोटो ठेवला होता. कामाच्या परवान्यावरचाच मोठा केलेला, म्हणून त्यात ती हसत नव्हती. त्या फिशरीच्या मालकांनी पुष्पचक्र पाठवलं होतं, स्वतः कुणी आलं नव्हतं. बोंग-रे फोटोसमोर लोळण घेऊन रडली, आणि मग उठून बहिणीशेजारी बसून तिचा हात हातात घेऊन बोलत राहिली. न्हानला काय आवडायचं, ती कुठल्या गोष्टीला हसायची, झोपेत कशी बडबडायची. दुभाषी मुलगी ते हळूहळू सांगत होती.

इन-सुकने दोनदा नमस्कार घातला आणि ती बाजूला उभी राहिली. थोड्या वेळाने बहिणीचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिने दुभाषी मुलीला काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, आपण कोण? कंपनीच्या का?"

 इन-सुक एका कंपनीची संचालक होती, पण या कंपनीची नव्हे. नात्याची नव्हती. न्हानशी ती आयुष्यात एकच वाक्य बोलली होती, आणि तेही लक्ष न देता.

"सांग, ओळखीच्या आहेत," बोंग-रे म्हणाली. पहिल्यांदाच तिने शेवट ओढला नाही.

बहीण उठली. दोन्ही हात जोडून ती इन-सुकपुढे खोल वाकली. मग आल्या-गेल्याला यजमानाने जेवू घालायचं असतं हे तिला कुणीतरी सांगितलं असावं, कारण आत जाऊन तिने लाल रश्शाचा वाफाळता वाडगा आणि भात आणला, इन-सुकला खाली बसवलं आणि चमचा तिच्या हातात दिला.

रस्सा फार तिखट होता. इन-सुकने तो शेवटपर्यंत प्यायला, कारण न्हानची बहीण समोर बसून बघत होती, आणि मधेच भाताची वाटी तिच्याकडे आणखी जवळ सरकवत होती.